गाडीचा फ्लॅशर आणि माझे सासरे

माझे सासरे माझ्या गाडीत बसत नसत. त्यामागे माझ्याविषयीचा काही राग नव्हता, पण हे मला कळायला बरेच महिने गेले आणि त्यासाठी गाडीचा इंडिकेटर बंद पडावा लागला.

आता मी ठाण्यात राहते. हल्लीच्या माझ्या गाडीत इंडिकेटर दिला की जी टिकटिक येते ती स्पीकरमधून येते. आत काही उघडत-मिटत नाही, आवाज फक्त आपल्याला ऐकवण्यासाठी असतो. गाडी घेताना शोरूमच्या बाईंनी हे मला कौतुकाने सांगितलं आणि मी मान डोलावली. पण घरी येईपर्यंत प्रत्येक वळणावर मला डोंबिवलीच्या आमच्या इमारतीचं पार्किंग आठवत राहिलं. डिसेंबरातली सकाळ, जमिनीवर अंथरलेली जुनी चटई आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायांमध्ये दिसणाऱ्या सासऱ्यांच्या तपकिरी चपला.

दहा-बारा वर्षं झाली असतील. नवरा कामासाठी दोन वर्षं मस्कतला गेला होता. घरात आम्ही तिघंच, सासू-सासरे आणि मी. मी ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते आणि रोज गाडीने, म्हणजे ट्रेनने, जात-येत होते. चारचाकी घेतली ती सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. स्टेशनच्या पुलाचे जिने त्यांना चढवेनात आणि रिक्षातून उतरताना पाय टेकवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी एकोणचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले आणि लॅबमधल्या एका डॉक्टरीणबाईंची जुनी, चंदेरी रंगाची छोटी गाडी घेतली.

सासरे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी कसारा लाइनवर, शेवटची काही वर्षं कल्याणात. पायजमा, पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. बोलणं अगदी मोजकं. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आमच्यात "बाबा, चहा ठेवू का?" आणि "ठेव" याच्या पलीकडे फारसं काही होत नसे. वाद कधी झाला नाही, पण गप्पाही कधी झाल्या नाहीत. गाडी आली तेव्हा ते खाली येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून गेले. त्यानंतर कुठे जायचं ठरलं की ते म्हणायचे, "तुम्ही दोघी पुढे व्हा. मी ट्रेनने येतो."

मला वाटायचं, यांना सुनेने गाडी चालवलेली आवडत नाही. मी सासूबाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, "मला नाही बाई काही बोलले. ते मला तरी कधी काय सांगतात?"

त्या डिसेंबरात खडवलीला साखरपुडा होता. खडवली सासूबाईंचं माहेर, आणि साखरपुडा त्यांच्या भावाच्या मुलीचा. अकराचा मुहूर्त होता. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे ट्रेनची वेळ काढून ठेवली होती, पण सकाळी पेपरात पाहिलं तर कल्याणच्या पुढे मेगाब्लॉक. ज्या खात्यात आयुष्य काढलं त्याच खात्याने त्यांना त्या दिवशी माझ्या गाडीत बसवलं. पेपराची घडी घालत ते म्हणाले, "मग तुमच्याबरोबरच यावं लागेल."

सासूबाईंना पाय लांब करावे लागत म्हणून त्या मागे आडव्या बसल्या. सासरे पुढे, माझ्या डावीकडे. पट्टा लावला, मांडीवर कापडी पिशवी घेतली आणि समोर बघत राहिले. मी इतकी जपून चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते.

कल्याण पार करून शहाडच्या पुलाकडे वळताना मागून एका रिक्षावाल्याने जोरात हॉर्न दिला. मग तो बाजूला आला आणि म्हणाला, "ताई, साइड दाखवत जा ना."

"दाखवलेली," मी म्हणाले.

तो मान हलवून पुढे निघून गेला. मी चिडले होते. तेवढ्यात सासरे शांतपणे म्हणाले, "टिकटिक आली नाही."

"काय?"

"तू दांडी खाली केलीस, पण टिकटिक आली नाही. घरापासून पत्रीपुलापर्यंत सहा वेळा आली. त्यानंतर एकदाही नाही."

म्हणजे हा माणूस गप्प बसून सगळा वेळ ते ऐकत होता. मी पूल उतरून गाडी कडेला घेतली. इंडिकेटरची दांडी खाली केली, वर केली. काचेमागचा हिरवा बाण लागेना. सासरे उतरले, पुढे जाऊन बघितलं, मागे जाऊन बघितलं. परत येऊन खिडकीत वाकून म्हणाले, "एकही दिवा नाही. डावीकडचाही नाही, उजवीकडचाही नाही."

"बल्ब गेले असतील."

"दोन्ही बाजूंचे सगळे बल्ब एकाच वेळी कसे जातील? दोन्हीकडे जे सामाईक आहे तिथे काहीतरी झालंय."

पुढे आंबिवलीच्या रस्त्याला एक गॅरेज उघडं होतं. तिथल्या मेकॅनिकने दांडी चार वेळा वर-खाली केली, एक फ्यूज काढून उजेडात धरला आणि परत लावला. "वायरिंगचा लफडा आहे मॅडम. उंदराने खाल्ली असेल. डॅशबोर्ड खोलावा लागेल, गाडी सोडून जा दोन-तीन दिवस."

मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी मांडीवरच्या ओटीच्या पिशवीकडे. सासरे मेकॅनिकला म्हणाले, "उंदराने खाल्ली असं तुम्हाला दिसलं का?"

"दिसलं नाही काका, पण असंच असतं."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "आपण निघू. हात दाखवून जाऊ."

मला लायसन्सच्या परीक्षेसाठी पाठ केलेले हाताचे इशारे आठवत होते. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर सरळ. डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात बाहेर काढून गोल फिरवायचा. मी म्हणाले, "बाबा, तो गोल हात आता कुणालाच कळत नाही. लोकांना वाटेल मी त्यांना पुढे जा म्हणतेय, आणि ते घुसतील."

त्यांनी थोडा विचार केला. मग आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. "उजवा तू दाखव. डावा मी दाखवतो. पण मला आधी सांगायचं. आणि मी परत म्हटल्याशिवाय वळायचं नाही."

तसे आम्ही निघालो. मी म्हणायचे, "पुढे डावीकडे." ते म्हणायचे, "डावीकडे." मग त्यांचा हात बाहेर जायचा, कोपरात न वाकता, तळवा उघडा. वळण पूर्ण होईपर्यंत तो हात हलायचा नाही. मग ते हात आत घ्यायचे आणि म्हणायचे, "घेतला." उजवीकडे वळायचं असलं की माझा हात बाहेर, आणि ते मागे वळून बघायचे, "ये. मागचा थांबलाय." पहिल्या दोन वळणांना मला लाज वाटली. नंतर लक्षात आलं की मी इतकी निवांत कधीच चालवली नव्हती.

टिटवाळ्याला रविवारची गर्दी होती. तिथे सासऱ्यांचा हात बराच वेळ बाहेर राहिला, आणि समोरून येणाऱ्या दोघा-तिघांनी ओळख असल्यासारखा हात वर केला. एका फुलवाल्याने तर वाकून नमस्कार केला.

मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, लोकांना वाटतंय तुम्ही निवडणुकीला उभे आहात."

सासरे हसले. नुसते ओठ हलवून नाही, पोटातून, आवाज येईल असे. चौदा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

साखरपुडा छान झाला. जेवणं झाल्यावर मी बाबांना शोधत अंगणात आले तर ते गाडीपाशी. कुणाची तरी टॉर्च मागून आणली होती आणि दरवाजा उघडून स्टेअरिंगखाली वाकायचा प्रयत्न करत होते. कंबर साथ देत नव्हती.

"राहू द्या ना बाबा. सोमवारी दुसऱ्या गॅरेजला टाकते."

"गॅरेजला टाकू नको," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी आपण बघू."

'आपण' हा शब्द मला नवा होता.

तो आठवडा घरात वेगळाच गेला. सासऱ्यांनी गाडीचं माहितीपुस्तक मागून घेतलं आणि भिंग घेऊन रोज दुपारी वाचायला बसले. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने वायरिंगची आकृती काढली, खोडली, परत काढली. सासूबाई सांगायच्या, "दुपारी फोनवर पण कुणाकुणाशी बोलत असतात, दार लावून." मी फार लक्ष दिलं नाही. संध्याकाळी दमून यायचे, स्वयंपाक असायचा.

बुधवारी मी आमटीला फोडणी देत होते तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते तिथे कधी येत नसत.

"लाल त्रिकोणाचं एक बटण आहे बघ गाडीत. चारही दिवे एकदम लागतात त्याने. ते दाबून बघितलं होतंस का रस्त्यात?"

"नाही बाबा. लक्षातच आलं नाही."

"चल खाली."

मी गॅस बंद केला आणि तशीच ओल्या हातांनी खाली गेले. चावी लावली, बटण दाबलं. काही नाही. एकही दिवा लागला नाही.

"बरं झालं," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच खुलला होता.

"यात बरं काय झालं?"

"त्या बटणाला वेगळा फ्यूज आहे आणि त्याचा स्विचही वेगळा. दांडीशी त्याचा संबंध नाही. तरी ते दिवे लागत नाहीत, म्हणजे दांडी बहुतेक ठीक आहे. हे दोन्ही रस्ते एका ठिकाणी एकत्र येतात." त्यांनी खिशातून कॅलेंडरचा कागद काढला आणि एका छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथे. याला फ्लॅशर म्हणतात. दिव्याला करंट द्यायचा, तोडायचा, परत द्यायचा, एवढंच त्याचं काम. टिकटिक त्याचीच."

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही पार्किंगमध्ये होतो. त्यांनी स्वतः एक टेस्ट लॅम्प बनवला होता. लहान बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला गोधडी शिवायची जाड सुई. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून आत मी जायचं ठरलं. चटईवर पाठ टेकली, डोकं स्टेअरिंगखाली घातलं, पाय दरवाजाबाहेर. ते बाहेर खुर्चीवर कागद घेऊन बसले. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या, त्यांना माझे फक्त पाय. शेजारच्या वहिनी दूध घेऊन जाताना थबकल्या आणि काही न विचारता जिना चढून गेल्या.

खालचं झाकण दोन स्क्रूंवर होतं. ते निघालं आणि टॉर्चच्या उजेडात फ्यूजची पेटी दिसली, तिच्या कडेला चौकोनी काळ्या डब्यांची रांग.

"पुस्तकाप्रमाणे डावीकडून दुसरा," बाहेरून आवाज आला.

मी ओढून काढला. "निघाला."

"पाय किती आहेत त्याला?"

"चार."

"मग तो नव्हे. फ्लॅशरला तीन पाय. तू खालून बघते आहेस, तुझं डावं-उजवं उलटं झालं असेल. आधी तो होता तिथे परत लाव. लावलास? पूर्ण बसला? मग दुसऱ्याला हात लाव."

मी लावला. पुढे आयुष्यात मला ही सवय फार उपयोगी पडली, चुकीचं काढलेलं आधी जागेवर ठेवायची. उजवीकडून दुसरा काढला, त्याला तीन पाय होते.

मग त्यांनी एकेक पायरी सांगितली. डबा काढलेल्या जागी तीन खाचा होत्या. टेस्ट लॅम्पचा चिमटा दरवाजाच्या लोखंडी बिजागरीला लावायचा, चावी फिरवायची आणि सुई पहिल्या खाचेत टेकवायची.

"लागला," मी म्हणाले.

"प्रखर की मंद?"

"प्रखर."

"म्हणजे बॅटरीकडून करंट येतोय. उंदराला विनाकारण बदनाम केलं त्याने. आता मी दिलेली छोटी वायर घे आणि करंट येणारी खाच आणि दिव्यांकडे जाणारी खाच जोड. दांडी डावीकडे ठेवायची."

मी जोडलं. चपला हलल्या, खुर्ची सरकली. ते गाडीच्या पुढे गेले. "पुढचा लागला." मग मागे गेले. तिथे थोडे रेंगाळले. "मागचाही लागलाय. जरा मंद आहे. उजवीकडे कर." उजवीकडचे दोन्ही दिवे लख्ख लागले. उघडझाप मात्र करत नव्हते, नुसते लागून राहिले होते.

ते परत येऊन खुर्चीवर बसले. "दांडी चांगली, वायरी चांगल्या, दिवे चांगले. मधला माणूसच कामावर नाही. दे तो इकडे."

मी हात बाहेर काढून फ्लॅशर त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी चाकूने त्याचं झाकण उचकटल्याचा आवाज आला. मग चपला खुर्चीखाली ओढल्या गेल्या.

"बाबा?"

"हा रिले आहे गं, विजेने उघडतो-मिटतो तो स्विच," ते म्हणाले. आवाज अगदी हळू झाला होता. "केवढासा आहे. आमचे रिले काचेच्या पेटीतले होते. एक उचलायला दोन हात लागायचे. त्यांना शिशाचं सील असायचं, ते तोडायचा अधिकार मलाही नव्हता. एका खोलीत शे-दोनशे रिले. गाडी यायच्या आधी एकेक आपोआप लागत जायचा, खट, खट, खट. आवाजावरून मी सांगायचो कुठली गाडी कुठल्या लाइनवर येतेय."

मी बाहेर यायला निघाले होते, पण तशीच पडून राहिले. मानेला रग लागली होती. मला वाटलं, मी बाहेर आले, समोर दिसले, की ते बोलायचे थांबतील.

"आंबिवलीला क्वार्टरमध्ये होतो तेव्हा तुझा नवरा तीन-चार महिन्यांचा होता. पोट दुखायचं त्याचं. दुपारभर रडायचा. हिला जरा झोप मिळावी म्हणून मी त्याला घेऊन बाहेर पडायचो. एकदा रिले रूमच्या दारापर्यंत गेलो. आत न्यायची परवानगी नव्हती, न्यायचंही नव्हतं मला. बाहेर पायरीवर बसलो. आतून आवाज येत होता. पाच मिनिटांत गप्प झाला. मग रोज नेऊन बसायला लागलो. पसिंजर आली, मालगाडी आली, की तो डोळे मोठे करून ऐकायचा."

"ह्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"त्याला काय माहीत. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ड्यूटीवर नसताना तिथे बसायचं नसतं."

इमारतीच्या पंपाचा घुमणारा आवाज बंद झाला आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत ते म्हणाले, "तुझ्या गाडीत बसत नव्हतो ते तू वाईट चालवतेस म्हणून नव्हे. आमच्याकडे गाडी कुठे थांबणार, कुठे वळणार, हे आधी ठरलेलं असायचं. ठरवायला आम्ही होतो. रस्त्यावर जो तो स्वतःच ठरवतो. समोरून कुणी आलं की माझे डोळे घट्ट मिटायचे. तुझ्या शेजारी बसून तसं तोंड केलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

मी म्हणाले, "मग खडवलीला जाताना?"

"तेव्हा मला काम होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच ट्रेनने कल्याणला गेले. उघडलेला फ्लॅशर रुमालात बांधून नेला होता. स्टेशनजवळच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून नवा घेऊन आले, आणि घरी येऊन भिंगाने बघितलं तर त्याच्या पायांवरची अक्षरं जुन्याच्या उलट क्रमाने होती. बसला असता, पण चालला नसता. मंगळवारी परत गेले आणि बदलून आणला. बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. लॅबमध्ये कारण विचारलं तेव्हा मी सासऱ्यांचं काम आहे असं सांगितलं.

नवा फ्लॅशर मी एका दमात बसवला. चावी फिरवली, दांडी उजवीकडे केली. टिक, टिक, टिक. उजवीकडचे दिवे उघडझाप करायला लागले. मी खाली पडल्या पडल्या हसत सुटले. सासरे मात्र घड्याळ लावून मोजत होते.

"मिनिटाला ब्याऐंशी. ठीक आहे. आता डावीकडे."

डावीकडची टिकटिक मात्र फारच घाईची होती. मला आधी वाटलं नवा फ्लॅशरही खराब निघाला. त्यांनी मोजलं, मान हलवली आणि सरळ गाडीच्या मागे गेले. "त्या दिवशी हा मंद लागला होता. तेव्हाच बघायला हवं होतं. फ्लॅशरला वाटतंय एक दिवा गेलाय. तो आपल्याला तेच सांगतोय."

मी मागचा दिवा उघडला. बल्ब चांगला होता पण होल्डर आतून हिरवा पडला होता. ओल गेली असणार. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा पेन्सिलीला गुंडाळून दिला आणि मी आतून घासत राहिले, पितळ चमकेपर्यंत. बल्बचं बूडही घासलं. परत लावलं. आता दोन्ही बाजू एकाच चालीने चालत होत्या. त्यांनी तरी मिनिटभर मोजलं. मग घड्याळावरून नजर काढून म्हणाले, "झालं. आता हात धुऊन घे, चहा मी ठेवतो."

चहा पातळ झाला होता. आम्ही दोघांनी तो पूर्ण प्यायला.

त्यानंतर ते गाडीत बसू लागले. महिन्यातून एखाद्या रविवारी स्वतःच म्हणायचे, "आज शहाडकडे जाऊ या का?" शहाड, आंबिवली, कधी खडवलीच्या नदीपर्यंत. ही सगळी गावं त्यांनी आयुष्यभर रुळांच्या बाजूने बघितली होती. रस्त्याने गेलं की त्यांना स्टेशन कुठल्या अंगाला आहे तेच समजत नसे आणि त्याची त्यांना मोठी मजा वाटायची. आंबिवलीला आम्ही त्यांचं क्वार्टर शोधलं. त्या जागी नुसतं गवत होतं. ते थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "इथून आवाज डावीकडून यायचा." सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "काहीतरीच. उजवीकडून यायचा." त्यावर दोघं परत येईपर्यंत भांडत होते.

अशी चार वर्षं मिळाली. पाचव्या वर्षी थोड्याशा आजाराने ते गेले.

तेराव्याला खूप माणसं आली होती. त्यात काठी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ होते, सासऱ्यांबरोबर कसाऱ्याला नोकरी केलेले. जेवून झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. गाडी चालवणारी सून मीच ना, असं विचारलं. मी हो म्हणाले.

"तुमच्या त्या इंडिकेटरने आठवडाभर आमची दुपारची झोप घालवली होती," ते म्हणाले. "रोज मला फोन. फ्लॅशर म्हणजे काय, त्याला किती पाय असतात, दोन फ्यूज कशाला. मला काय ठाऊक? मी तरी कुठे गाडी उघडून बघितलीय. मग माझ्या पुतण्याला विचारलं, त्याने त्याच्या मित्राला. तो सांगेल ते मी याला सांगायचो आणि हा लिहून घ्यायचा. परत परत वाचून दाखवायचा."

मी म्हणाले, "पण आम्हाला तर वाटलं त्यांना सगळं येतंय."

"छे हो. रिलेचं सगळं यायचं, गाडीचं काही नाही. मी म्हटलं त्याला, एवढं कशाला डोकं फोडतोस, दे गॅरेजला. तर म्हणाला, नाही रे, सुनेबरोबर काम करायचं पहिल्यांदाच ठरलंय. तिच्यासमोर चुकायला नको."

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले. पेला भरून ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. सासूबाईंनी बाहेरून दोनदा हाक मारली, तेव्हा पाणी घेऊन बाहेर आले.